जालना जिल्ह्यातील गळाची मासेमारी आणि जिवंत आमिषाचे जतन : एक विवेचन

बीजशब्द : गळ, आमिष, गांडूळ, बाष्पीभवन, विद्राव्य प्राणवायू, गोड्या पाण्यातील मासेमारी

प्रस्तावना :

मराठवाड्याचा विचार मासेमारीच्या अंगाने क्वचितच केला जातो. दुष्काळ, टँकर, कापूस आणि मोसंबी या शब्दांभोवतीच जालना जिल्ह्याचे वर्णन फिरत राहते. १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्याची दक्षिण सीमा मात्र गोदावरीने आखलेली आहे. अंबड, घनसावंगी आणि परतूर हे तालुके गोदाकाठचे होत. भोकरदन व जाफ्राबाद परिसरातून पूर्णा वाहते, जिल्ह्याच्या मध्यातून दुधना जाते आणि जालना शहरास कुंडलिकेचा काठ लाभला आहे. निजामकालीन घाणेवाडी जलाशय, बदनापूर तालुक्यातील अप्पर दुधना प्रकल्प, परतूरपर्यंत फुगवटा येणारा निम्न दुधना प्रकल्प, गोदावरीवरील जोगलादेवी व लोणी सावंगी येथील बंधारे आणि गावोगावचे पाझर तलाव यांचा एकत्रित विचार केल्यास या जिल्ह्यात मासा आहे आणि माशावर जगणारा माणूसही आहे, हे मान्य करावे लागते.

या माणसांमध्ये दोन वर्ग आढळतात. मच्छीमार सहकारी संस्थेचा सभासद असलेला, जाळे आणि तराफा बाळगणारा हा पहिला वर्ग. दुसरा वर्ग गळवाल्यांचा. भोई, कहार, भिल्ल अशा समाजांतील तसेच इतरही अनेक भूमिहीन मजूर शेतीचे काम नसलेल्या दिवसांत गळ घेऊन पाण्यावर जातात. गळवाल्याचे भांडवल अत्यल्प असते. दोरी, गळ, शिशाचे वजन आणि काठी या वस्तू एकदा घेतल्या की वर्षभर पुरतात. रोज नव्याने लागते ते केवळ आमिष, आणि त्याच्या साऱ्या साधनांपैकी मरू शकणारी वस्तूही तेवढीच. सायंकाळी पाण्यात सोडावयाच्या लांब दोरीला पन्नास-साठ गळ असतील, तर तितकीच आमिषे संध्याकाळपर्यंत जिवंत असावी लागतात. दुपारी डब्यातील गांडुळे मेली, तर त्या रात्रीची दोरी रिकामी जाते आणि दुसऱ्या दिवसाची मजुरी बुडते. आमिषाच्या जतनाचा प्रश्न हा म्हणून छंदाचा नसून रोजीचा प्रश्न ठरतो. या प्रश्नामागील प्राणिशास्त्रीय व भौतिक कारणे उलगडून दाखविणे आणि जालन्याच्या हवामानात त्यांची उत्तरे कोठे सापडतात हे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

आमिषाचा शास्त्रशुद्ध विचार आपल्याकडे पाश्चात्त्य पुस्तकांतून आला, असा एक समज आढळतो. तो खरा नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने शके १०५१ म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमारास सिद्ध केलेला ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ मराठीच्या प्राध्यापकांस त्यातील प्राचीन मराठी पदांमुळे परिचित आहे. याच ग्रंथात राजाच्या विनोदांचे वर्णन करताना ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आले आहे. त्यात सुमारे ३५ प्रकारच्या माशांची नोंद असून गळ, दोरी व काठी कशी असावी आणि कोणत्या माशास कोणते खाद्य घालावे, याचे तपशील आहेत. गोदावरीचे खोरे त्या काळी याच सत्तेच्या प्रभावक्षेत्रात मोडत होते. प्रसिद्ध मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणावर स्वतंत्र लेख लिहून त्याचे महत्त्व जगापुढे मांडले. इंग्रजीतील गळाच्या मासेमारीवरील सर्वांत गाजलेला ग्रंथ, आयझॅक वॉल्टन यांचा ‘द कम्प्लीट अँगलर’, १६५३ चा आहे. म्हणजे सोमेश्वरानंतर पाच शतकांनी आलेला. वॉल्टन यांनी गांडुळे मॉस जातीच्या ओलसर शेवाळात ठेवावीत आणि त्यावर थोडे दूध किंवा साय टाकावी, असे सांगितले आहे. सल्ला उत्तम आहे, परंतु तो इंग्लंडच्या थंड व दमट हवेतील आहे. जालन्याच्या मे महिन्यात तो जसाच्या तसा पाळल्यास साय नासेल आणि गांडुळे तिच्याआधी मरतील.

आमिष जिवंतच का हवे :

सर्व माशांसाठी जिवंत आमिष आवश्यक असते, असे नाही. रोहू, मृगळ यांसारखे मासे कणकेच्या गोळीवर येतात. शिंगटा आणि त्याच्या जातभाईंना वासाची जाण तीव्र असते. मिशांवरील रुचिपेशींच्या साहाय्याने ते गढूळ पाण्यातही खाद्य हुडकतात, त्यामुळे त्यांच्यासाठी ताजे मेलेले आमिष किंवा कोंबडीची आतडीही चालतात. मरळ आणि शिवडा यांची गोष्ट निराळी आहे. हे शिकारी मासे हालचालीवर झेपावतात. माशाच्या शरीराच्या दोन्ही बाजूंस असणारी पार्श्वरेषा पाण्यातील सूक्ष्म कंपने टिपते, आणि गळाला लावलेल्या सजीवाची वळवळ त्याला दुरूनच कळते. वाम हा मासाही रात्री तळाशी गांडुळे व किडे शोधत फिरतो. बाजारात मरळ आणि वाम यांना मिळणारा भाव इतर माशांहून चढा असतो. म्हणजे अधिक मोलाचा मासा हवा असेल, तर आमिष जिवंत ठेवणे क्रमप्राप्त ठरते.

येथे एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. ‘जिवंत’ आणि ‘सुस्थितीतील’ हे दोन शब्द समानार्थी नाहीत. अर्धमेले गांडूळ तांत्रिकदृष्ट्या जिवंतच असते. पण गळावर लावताच ते लोंबकळते आणि पाण्यात काही मिनिटांत निश्चेष्ट होते. आमिषाची साठवण यशस्वी झाली की नाही, हे डब्यात पाहून समजत नाही. ते पाण्यात गेल्यानंतरच्या पहिल्या तासात समजते.

उष्णता आणि कोरडी हवा :

जालन्याचे पर्जन्यमान साधारण ६५० ते ७५० मिलिमीटर आहे आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. आमिषाचा पहिला शत्रू हीच उष्णता होय. परंतु या उष्णतेबरोबर येणारी कोरडी हवा शत्रू नसून मित्र आहे, ही बाब बहुधा दुर्लक्षित राहते.

हवेचे तापमान ४० अंश आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असताना आर्द्रगोलक तापमापी सुमारे २३ अंश दाखविते. याचा अर्थ असा, की केवळ पाण्याच्या बाष्पीभवनाने एखादी वस्तू सिद्धांततः १७ अंशांपर्यंत थंड होऊ शकते. प्रत्यक्षात माठ इतका थंड होत नाही; पण सावलीत व वाऱ्याच्या झोतात ठेवलेला चांगला माठ हवेपेक्षा दहा-बारा अंशांनी खाली राहू शकतो. एक लिटर पाणी वाफ होऊन उडताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत नेते. एवढी उष्णता ५८ लिटर पाण्याचे तापमान १० अंशांनी उतरविण्यास पुरेशी आहे. टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या गावातही हा खर्च परवडण्यासारखा आहे. याउलट ऑगस्टमध्ये तापमान ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असते, तेव्हा आर्द्रगोलक तापमापी २७ अंशांवर थांबते. तेथे माठ फार तर दोन-तीन अंशांचा फरक पाडतो. पण त्या दिवसांत हवाच मुळात सुसह्य असल्याने माठाची निकड उरत नाही. ज्या काळात थंडाव्याची गरज सर्वाधिक, त्याच काळात बाष्पीभवनाची शक्तीही सर्वाधिक, हा जालन्याच्या हवामानाचा मोठा लाभ आहे. कोकणातील मच्छीमारास तो मिळत नाही.

माठाविषयी दोन गोष्टी व्यवहारात महत्त्वाच्या ठरतात. जिल्ह्यातील विहिरींचे पाणी बेसाल्ट खडकातून येते आणि ते बहुतांशी जड असते. त्यातील क्षार माठाच्या छिद्रांत साचतात व जुना माठ पाझरेनासा होतो. काथ्याने बाहेरून घासल्यास तो काही काळ पुन्हा चालतो. अन्यथा आमिषासाठी नवा माठ घ्यावा. दुसरे असे, की प्लॅस्टिकचा डबा कितीही सावलीत ठेवला तरी पाझरत नसल्याने थंड होत नाही. त्यास ओले गोणपाट गुंडाळणे आणि ते सतत ओले राखणे, एवढाच उपाय उरतो. उन्हात उभ्या केलेल्या दुचाकीच्या डिक्कीत आमिषाचा डबा ठेवणे म्हणजे तो भट्टीत ठेवण्यासारखे आहे.

गांडुळांचे जतन :

गांडुळास फुप्फुसे नसतात. ते त्वचेवाटे श्वसन करते, आणि त्वचा ओली असेल तरच प्राणवायू तिच्यातून आत शिरतो. त्वचा वाळली की प्राणी गुदमरतो. म्हणून उन्हात पडलेले गांडूळ भाजून मरते असे म्हणण्यापेक्षा ते श्वास कोंडून मरते, असे म्हणणे अधिक अचूक होईल. परंतु याचा उलटा अर्थ काढून डब्यात पाणी ओतणे हीदेखील नित्याची चूक आहे. साचलेल्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू लवकर संपतो आणि गांडुळे बुडून मरतात. पहिल्या मोठ्या पावसात ती जमिनीबाहेर आलेली दिसतात, त्यामागेही पाण्याने भरलेल्या बिळांतील हवेची टंचाई हे एक कारण मानले जाते. ओलावा किती असावा याची सोपी कसोटी अशी : आधारद्रव्य मुठीत घट्ट दाबले असता बोटांतून एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागू नये.

आधारद्रव्य म्हणून काळी माती वापरण्याकडे कल असतो, कारण गांडूळ तिच्यातूनच निघालेले असते. ही माती मात्र साठवणीस फारशी योग्य नाही. ओली असता ती चिकटून हवा कोंडते आणि वाळली की दगडासारखी घट्ट होते. जुने, कुजून थंड झालेले शेणखत, त्यात मिसळलेला पालापाचोळा आणि भिजवून पिळलेले वर्तमानपत्राचे तुकडे यांचे मिश्रण कितीतरी सरस ठरते. ताजे शेण कटाक्षाने टाळावे. ते कुजताना तापते आणि त्यातून अमोनिया वायू सुटतो. हे दोन्ही गांडुळास घातक आहेत. जनावरांच्या मूत्राने भिजलेले गोठ्यातील खतही त्याच कारणाने वर्ज्य समजावे. मीठ लागलेले भांडे, साबणाचा अंश राहिलेला डबा, आणि नुकतीच फवारणी झालेल्या बागेतील माती यांबाबतही हीच दक्षता हवी.

पाण्याचा एक अदृश्य धोका ग्रामीण भागात विशेष जाणवतो. पावसाळ्याच्या तोंडावर ग्रामपंचायतीमार्फत विहिरीत टीसीएल पावडर टाकली जाते. तिच्यातील क्लोरिन पिण्याच्या पाण्यातील जंतू मारतो आणि त्वचेवाटे श्वास घेणाऱ्या प्राण्यासही इजा करतो. असे पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात एक दिवस उघडे ठेवल्यास क्लोरिन उडून जातो. हीच काळजी पुढे उल्लेखिलेल्या माशांच्या बाबतीत अधिकच आवश्यक आहे, कारण माशाचे कल्ले गांडुळाच्या त्वचेपेक्षाही नाजूक असतात.

गांडुळे प्रकाश टाळतात. त्यांना डोळे नसले तरी त्वचेतील प्रकाशसंवेदी पेशींमुळे उजेड कळतो. या स्वभावाचा उपयोग दोन प्रकारे होतो. झाकण उघडून डबा सावलीतील उजेडात क्षणभर ठेवला, की निरोगी गांडुळे तत्काळ खाली शिरतात आणि अशक्त व मेलेली वर राहतात. ती वेचून काढणे हे रोजचे पहिले काम होय. मेलेले एक गांडूळ उष्ण हवेत काही तासांत कुजते आणि त्यातून सुटणारा अमोनिया शेजारच्यांना मारतो. साखळी एकदा सुरू झाली की सायंकाळपर्यंत डबा संपतो. दुसरा उपयोग रात्रीचा. डब्यावर मंद दिवा असल्यास गांडुळे बाहेर पडण्याचा प्रयत्न करीत नाहीत. माठाचे तोंड विरळ विणीच्या ओल्या फडक्याने बांधावे, घट्ट झाकण लावू नये. मुंग्यांचा बंदोबस्त तर प्रत्येक मराठी स्वयंपाकघराला ठाऊक आहे : पाणी भरलेल्या परातीत वीट ठेवून तिच्यावर माठ ठेवला की काम होते.

गळावर लावण्यापूर्वी एक-दोन दिवस गांडुळे केवळ ओल्या गोणपाटात किंवा कागदाच्या लगद्यात ठेवण्याची पद्धत अनेक देशांत आढळते. या काळात त्यांच्या आतड्यातील माती बाहेर पडते, शरीर आकसून चिवट होते आणि गळावर ते तुटत नाही. वॉल्टन यांच्या शेवाळाचे मर्मही हेच होते. येथे त्या शेवाळाची जागा गोणपाट समर्थपणे घेते.

कोणते गांडूळ, हा प्रश्न मात्र इतका सरळ नाही. इंग्रजी पुस्तकांत गांडुळे रेफ्रिजरेटरमध्ये ठेवावीत, असे निःसंदिग्धपणे सांगितलेले असते. तो सल्ला युरोप व उत्तर अमेरिकेतील थंड हवेत वाढणाऱ्या मोठ्या गांडुळांपुरता खरा आहे. आपल्याकडे गांडूळखतासाठी प्रसिद्ध असलेले ‘युड्रिलस युजेनी’ हे मूळचे आफ्रिकेचे असून त्यास थंडी सोसत नाही. रेफ्रिजरेटरच्या ४-५ अंश तापमानात ते मरते. ‘आयसेनिया फेटिडा’ थंडी सहन करते, परंतु उन्हाळ्यात ते नाजूक ठरते. आपल्या मातीतील ‘लॅम्पिटो मॉरिटी’ आणि ‘पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस’ या जातींना येथील उष्णतेची सवय आहे. खत करणाऱ्या बहुतेक जातींना २० ते २५ अंशांच्या आसपासचे तापमान मानवते आणि ३५ अंशांपलीकडे त्या तग धरत नाहीत, हे लक्षात घेता येथे रेफ्रिजरेटरपेक्षा माठच अधिक सुरक्षित होय.

उन्हाळ्यात मुळात गांडूळ मिळणेच दुर्घट होते. काळी जमीन भेगाळली की गांडुळे खोल जातात आणि अंगाची गाठ मारून सुप्तावस्थेत पडून राहतात. अशा वेळी मोसंबीच्या बागेतील ठिबकाखालची ओल, पैठणच्या डाव्या कालव्याचा पाझर आणि हापशाभोवतीची चिखलट जागा, एवढीच ठिकाणे उरतात. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातील बागाच जळाल्या, तेव्हा ही ओलही नाहीशी झाली होती. यास्तव घरामागे एक लहान गांडूळ टाकी राखणे गळवाल्याच्या दृष्टीने शहाणपणाचे आहे. तिचे शास्त्र सर्वज्ञात आहे आणि खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्रासारख्या संस्थांमुळे ते जिल्ह्यात शेतकऱ्यांपर्यंत पोहोचलेलेही आहे. महाविद्यालयांच्या आवारांतही अशा टाक्या असतात. नॅक समितीच्या भेटीपूर्वी रंगविल्या जाणाऱ्या या टाक्या इतर दिवसांतही ओल्या राहिल्या, तर प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यास जाती ओळखण्याचे आणि परिसरातील गळवाल्यास बियाणे मिळण्याचे साधन आयतेच उपलब्ध होईल.

लहान मासे आणि झिंगे :

मरळ व शिवड्यासाठी लहान जिवंत मासा हे सर्वोत्तम आमिष मानले जाते. त्याचे जतन गांडुळापेक्षा कठीण असते, कारण येथे प्राणवायूचा हिशेब अधिक काटेकोर असतो. समुद्रसपाटीच्या दाबास २० अंशांच्या एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. ३० अंशांस हा आकडा ७.६ आणि ३५ अंशांस सुमारे ७ इतका खाली येतो. जालना सुमारे ५०० मीटर उंचीवर असल्याने प्रत्यक्ष प्रमाण याहूनही किंचित कमी भरते. दुसरीकडे माशाची चयापचय क्रिया दर १० अंशांमागे साधारणपणे दुप्पट होते. २० अंशांवरून ३५ अंशांवर जाताना पाण्यातील साठा जवळजवळ पाव हिश्श्याने घटतो आणि माशाची मागणी अडीच पटींहून अधिक होते. सकाळी टवटवीत असलेली बादली दुपारी उलटी का पडते, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

पाण्यात प्राणवायू शिरतो तो पृष्ठभागावरून. म्हणून भांड्याची खोली किती यापेक्षा पाण्याचा उघडा पृष्ठभाग किती, हे महत्त्वाचे ठरते. २० सेंटिमीटर तोंडाची घागर काठोकाठ भरल्यास तिचा पृष्ठभाग सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटर होतो. ४० सेंटिमीटर व्यासाच्या घमेल्यात तो सुमारे १२५७, म्हणजे चौपट असतो. पण घागर पोटापर्यंतच भरली, तर तिचाही पृष्ठभाग रुंद होतो आणि अरुंद तोंडामुळे मासे उडून बाहेर पडत नाहीत. ‘अधिक पाणी म्हणजे अधिक सुरक्षितता’ ही समजूत येथे चुकीची ठरते. अर्धी घागर पूर्ण घागरीपेक्षा अधिक मासे जगवू शकते. बंगालमध्ये मत्स्यबीजाची वाहतूक करणारे व्यापारी हंडीतील पाणी वाटेत सतत हलवीत व हाताने थापटीत असत. तांब्याने पाणी उंचावरून पुन्हा त्याच भांड्यात सोडण्यानेही तेच साधते. आता मत्स्यालयासाठी मिळणारा बॅटरीवरील लहान वायुपंप हे काम माणसाविना करतो, आणि रात्रभर मासे ठेवावयाचे असल्यास तो घेणे इष्ट.

प्राणवायू पुरेसा असूनही मासे मरतात, तेव्हा संशय अमोनियावर घ्यावा. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया उत्सर्जित करतात. पाण्यात त्याची दोन रूपे असतात आणि त्यांपैकी एकच तीव्र विषारी असते. पाण्याचा सामू ७ असताना २५ अंशांस विषारी रूपाचे प्रमाण एकूण अमोनियाच्या सुमारे ०.६ टक्के असते. सामू ८ झाला की ते सुमारे ५.४ टक्क्यांवर जाते. बेसाल्टमधून आलेले विहिरीचे पाणी बहुधा अल्कधर्मी असते. त्यामुळे पावसाच्या किंवा नदीच्या पाण्यात निभावून जाणारी गर्दी विहिरीच्या पाण्यात निभावत नाही. उपाय साधे आहेत. पकडलेल्या माशांना एक दिवस उपाशी ठेवावे म्हणजे उत्सर्जन घटते. पाणी एकदम न बदलता एक-तृतीयांश बदलावे आणि नवे पाणी त्याच तापमानाचे असावे. प्रत्येक लिटरला ३ ते ५ ग्रॅम मीठ टाकल्यास गोड्या पाण्यातील माशावरील ताण कमी होतो. त्याच्या रक्तातील क्षार बाहेरच्या पाण्यापेक्षा अधिक असल्याने पाणी सतत शरीरात शिरत असते आणि ते बाहेर टाकण्यात त्याची शक्ती खर्च होते. मिठाने हा फरक घटतो. गांडुळास मारणारे मीठ माशास तारते, ही गंमत नोंदविण्याजोगी आहे. पाणी थंड करण्यासाठी बर्फाचे खडे थेट टाकू नयेत. गोठविलेल्या पाण्याची बंद बाटली सोडावी, म्हणजे तापमान हळूहळू उतरते. मासा हाताळताना हात ओले असावेत. कोरड्या हाताने अंगावरील बुळबुळीत थर निघतो आणि तेथेच बुरशी धरते.

याहून सोपा मार्ग म्हणजे मासे पाण्यातून बाहेर न काढणे. बांबूची झाकणदार करंडी नदीत किंवा तलावात सावलीच्या बाजूस बुडवून ठेवली, तर वरील बहुतेक प्रश्न उद्भवत नाहीत. एकच दक्षता हवी : कालव्याचे आवर्तन सुटले किंवा बंधाऱ्याच्या फळ्या काढल्या, की पातळी एका रात्रीत उतरते आणि करंडी चिखलात उघडी पडते. दोरी लांब ठेवून करंडी तरंगती ठेवणे त्यावर उपयुक्त ठरते.

झिंग्यांची रीत निराळी. बादलीतील थोड्या पाण्यात ते एकमेकांचा प्राणवायू संपवून लवकर मरतात. त्याऐवजी ओल्या गवताच्या थरांत, सावलीत, पाण्याविना ठेवले तर कल्ले ओले राहून ते काही तास जगतात.

इतर आमिषे :

नाकतोडे व झुरळे यांना ओलावा नको, हवा हवी. कोरड्या गवतासह सच्छिद्र डब्यात ते टिकतात. वाळवी वारुळाच्या ढेकळासकट आणल्यासच जगते. बेडकाचा वापर मरळीसाठी काही ठिकाणी होतो. तो टाळावा, हे बरे. भारताने बेडकांच्या मांड्यांच्या निर्यातीवर १९८७ मध्ये बंदी घातली, त्यामागे शेतीतील कीड खाणाऱ्या या प्राण्याची घटती संख्या हेही एक कारण होते. पिकांच्या जिल्ह्यात त्याचा जीव मरळीच्या भावापेक्षा मोलाचा मानावयास हवा.

उरलेल्या जिवंत आमिषाची विल्हेवाट :

आमिष उत्तम टिकले, की ते उरतेही. मेलेले आमिष फेकून देण्यात फारसा धोका नसतो. जिवंत आमिष सोडून देण्यात असतो. हिमयुगातील हिमनद्यांखाली राहिलेल्या उत्तर अमेरिकेच्या मोठ्या भूभागात स्थानिक गांडुळे नव्हती. मासेमारांनी काठावर ओतलेली युरोपीय गांडुळे तेथील वनांत पसरली आणि जमिनीवरील पाल्याचा थर खाऊन त्यांनी वनस्पतींची घडी विसकटली. आपल्या शेतजमिनीत असा प्रकार संभवत नसला, तरी पाण्याची स्थिती वेगळी आहे. मोझांबिकची चिलापी भारतात १९५२ मध्ये आणली गेली. आज ती असंख्य तलावांतील देशी माशांची प्रतिस्पर्धी आहे. ती चिवट असते, बादलीत सहज जगते, म्हणून आमिष म्हणून सोयीची वाटते. नेमकी हीच सोय धोक्याची आहे. आफ्रिकेतील मांगूर, जो आपल्याकडे ‘थाई मांगूर’ या नावाने ओळखला जातो, तो हवेतून श्वास घेऊ शकत असल्याने जवळजवळ पाण्याविनाही टिकतो. केंद्र शासनाने २००० मध्ये त्याच्या पालनावर बंदी घातलेली आहे. त्याचे पिलू आमिष म्हणून नेणे व सायंकाळी उरलेले पाझर तलावात सोडणे म्हणजे त्या तलावातील लहान माशांचा आणि संस्थेने सोडलेल्या मत्स्यबीजाचा नाश ओढवून घेणे होय. ज्या संस्थेच्या पाण्यात गळवाल्यास परवानगीने बसावयास मिळते, तिचे नुकसान शेवटी त्याच्याच गळावर येते.

म्हणून लहान मासे ज्या पाण्यात धरले, त्याच पाण्यात परत सोडावेत. दुसऱ्या नदीच्या किंवा तलावाच्या पाण्यात सोडू नयेत. पूर्णेतून आणलेला मासा दुधनेत उतरता कामा नये. खतटाकीतील गांडुळे पुन्हा टाकीत, शेतातून उकरलेली शेताच्या ओलीत जावीत. आणि बादलीतील उरलेले पाणी काठावरून तलावात न ओतता दूर एखाद्या झाडाच्या बुंध्याशी ओतावे, कारण त्या पाण्यात डोळ्यांस न दिसणारी अंडी, पिले व रोगजंतू असू शकतात.